लहानपणीची विज्ञानकादंबरी पुन्हा वाचायची आहे? मग या क्रमाने वाचा

आमच्या जळगावच्या वाचनगटात गेली काही वर्षं मी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. आठवी-नववीत ज्या विज्ञानकादंबरीने झोप उडवली होती ती पुन्हा आणली आणि चाळीस पानांवर मिटून ठेवली. मग कुणी म्हणतं, पुस्तकातच दम नव्हता, आपण लहान होतो म्हणून भुललो. कुणी म्हणतं, वयाने आपल्यातलंच काहीतरी आटलं. खोदून विचारलं की निघतं ते वेगळंच. प्रत भलतीच होती, वाचन फोनवर झालं, पहिल्याच रात्री गूगलवर शेवट पाहिला, आणि आपल्याला आधी नेमकं काय आठवत होतं ते कुठेच टिपून ठेवलेलं नव्हतं.

पुन्हा वाचायला बसतो तेव्हा आपल्यापाशी दोन पुस्तकं असतात. एक हातातलं, एक आठवणीतलं. आठवणीतलं फार नाजूक. हातातलं उघडलं की तासाभरात ते पुसट व्हायला लागतं, आणि एकदा पुसलं की परत मिळत नाही. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. खालचा क्रम मी स्वतः तीन कादंबऱ्यांवर वापरला आहे. उदाहरणं मात्र एकाच पुस्तकातली देते: ज्यूल व्हर्नची कॅप्टन नेमो आणि त्याच्या 'नॉटिलस' पाणबुडीची कादंबरी, 'समुद्राखाली वीस हजार लीग', मूळ फ्रेंच, १८६९-७० मधली. तुमचं पुस्तक जयंत नारळीकरांचं असेल, लक्ष्मण लोंढ्यांचं असेल, निरंजन घाट्यांचं असेल, तरी पायऱ्या त्याच.

सावधान: पुढे नेमोच्या गोष्टीतले प्रसंग आणि शेवट उघड केले आहेत. हेच पुस्तक वाचायचं ठरवलं असेल तर तिसरी पायरी आणि त्यापुढचं नंतर वाचा.

१. एकच पुस्तक ठरवा

नावाजलेलं पुस्तक निवडू नका, चिकटून राहिलेलं निवडा. ओळखायचं कसं? डोळे मिटून बसा. दोन मिनिटांत त्यातला एखादा प्रसंग आपोआप वर यायला हवा, आणि तो वाचताना आपण कुठे बसलो होतो हेही त्यासोबत यायला हवं. नुसतं नाव आणि मुखपृष्ठ आठवत असेल तर ते पुस्तक तुम्ही वाचलं होतं, त्यात राहिला नव्हता. दुसरं घ्या.

त्या पुस्तकावरचा सिनेमा किंवा मालिका पाहिली असेल तर ते आत्ताच कागदावर लिहा. पडद्यावरचे चेहरे पुस्तकातल्या माणसांना कधी चिकटतात ते कळत नाही.

२. प्रत मिळवा, आणि ती कसली प्रत आहे ते आधी तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घाला.

लहानपणी आपल्या हाती आलेली परदेशी विज्ञानकथा बहुधा रूपांतर असायची, आणि तीही संक्षिप्त. भा. रा. भागवतांसारख्या लेखकांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला तो मुलांना पेलेल अशा आकारात. ते काम मोलाचं होतं. पण आज तुम्ही मूळ पुस्तकाचा पूर्ण अनुवाद आणला, तर तुम्ही तेच पुस्तक पुन्हा वाचत नसता. तुम्ही तिप्पट-चौपट मोठं आणि वेगळ्या चालीचं पुस्तक पहिल्यांदा वाचत असता. मग ते "आता लांबलचक वाटलं" यात नवल काय?

उलटीही चूक होते. जुनीच संक्षिप्त प्रत मिळाली, ती वाचली, आणि "इतकंच होतं होय?" म्हणून मूळ लेखकालाच उथळ ठरवलं.

माझं सांगणं असं. दोन्ही प्रती मिळवा. आधी लहानपणीची, म्हणजे तेच रूपांतर, जमल्यास तीच आवृत्ती. पूर्ण पुस्तक त्यानंतर. मराठी लेखकाचं पुस्तक असेल तर हा प्रश्न नाही. तिथे फक्त आवृत्ती पाहा, नंतरच्या आवृत्तीत लेखकाने काही बदललं आहे का ते प्रस्तावनेत बहुधा सापडतं.

तपासून घ्या, आतलं पान उघडून:

मुखपृष्ठावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. आतल्या पानावर 'अनुवाद' आहे, 'रूपांतर' आहे, 'संक्षिप्त' आहे की 'आधारित' आहे, ते वाचा. मग प्रकरणं मोजा. नेमोच्या मूळ कादंबरीचे दोन भाग आहेत, पहिल्यात २४ प्रकरणं आणि दुसऱ्यात २३, एकूण ४७. तुमच्या प्रतीत पंधरा-वीस असतील तर ती संक्षिप्त आहे, पुढचं काही विचारायला नको.

इंग्रजी प्रत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. स्वस्तातल्या पुष्कळ इंग्रजी आवृत्त्यांमध्ये १८७० च्या दशकातलं लुईस मर्सिये यांचं भाषांतर छापलेलं असतं. त्यात मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळलेला आहे आणि चुकाही बऱ्याच आहेत. प्रत जाडजूड दिसते, म्हणून वाचणारा ती पूर्णच धरून चालतो. भाषांतरकाराचं नाव पाहा. वॉल्टर किंवा बुचर हे नाव असेल तर निर्धास्त घ्या.

प्रत शोधायची कुठे? नवीन दुकानात जुनी आवृत्ती मिळणार नाही. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय अशा जुन्या ग्रंथालयांत कपाटाच्या मागच्या रांगा असतात. तालुक्याची आणि गावांची 'ब', 'क', 'ड' वर्गाची वाचनालयं तर मी आधी पाहते. तिथे पुस्तकं सहसा बदलत नाहीत, त्यामुळे आपण वाचलेली तीच प्रत, तीच पुठ्ठ्याची बांधणी, कधी कधी आपल्याच वर्गातल्या मुलाची सही असलेली चिठ्ठी तिथे सापडते. ग्रंथपालांना लेखकाचं नाव सांगा, आणि साधारण कोणत्या साली तुम्ही ते नेलं होतं तेही सांगा. पुस्तकाचं नाव बहुतेकांना चुकीचं आठवत असतं.

घरच्या माळ्यावरची जुनी प्रत असेल तर एकदम उघडू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर जातो, आणि वर्षानुवर्षं त्या उष्णतेत राहिलेल्या पुस्तकाच्या पाठीचा गोंद काचेसारखा ठिसूळ होतो. मधूनच पालथं दाबलं की दोन तुकडे. आधी सावलीत झटका, कसर आणि वाळवी पाहा, मग पुढून चार पानं, मागून चार पानं असं दोन्ही बाजूंनी हळूहळू मोकळं करत मध्यावर या. ऊन दाखवायची घाई करू नका. कडक उन्हाने कागद आणखी कुडकुडीत होतो.

३. पुस्तक उघडण्याआधी आठवण कागदावर उतरवा

सगळ्या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

१९३२ साली फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आपले प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. त्याने केंब्रिजमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. प्रत्येक वेळी गोष्ट आखूड झाली, आणि अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या आल्या. तिथली कनू साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. आपल्या आठवणीतल्या कादंबरीचंही हेच झालेलं असतं, आणि मधे तीस-पस्तीस वर्षं गेलेली असतात.

माझंच सांगते. नॉटिलस दक्षिणेच्या बर्फाखाली अडकते तो प्रसंग मला लख्ख आठवत होता. मी कागदावर लिहिलं होतं: "आत सगळ्यांना भयंकर उकडत होतं, अंगाची लाही होत होती." पुस्तकात उकाडा नाहीच. तिथे हवा संपत आलेली असते. बाहेरचं पाणी गोठून पाणबुडीला चिमटीत धरू लागतं म्हणून उलट उकळतं पाणी बाहेर सोडावं लागतं. मग उकाडा आला कुठून? यावल तालुक्यातल्या आमच्या मातीच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून. मे महिन्यातल्या रात्री, बाजेवर उताणी पडून, कंदिलाच्या उजेडात मी तो प्रसंग वाचला होता. धाबं दिवसभर तापलेलं, वाऱ्याची झुळूक नाही. पुस्तकातली घुसमट आणि माझी घुसमट एकत्र होऊन बसल्या होत्या. आधी लिहिलं नसतं तर वाचताना मला वाटलं असतं, "हो, हेच आठवत होतं," आणि धाब्यावरची ती रात्र माझ्या हातून कायमची निसटली असती.

कागद असा करा. तारीख घाला. मग एका बैठकीत, न थांबता, अर्धा तास:

गोष्ट आठवते तशी, चुकली तरी. माणसांची नावं, येतील तेवढी. एक चित्र, सगळ्यात ठळक. शेवट. कोण आवडलं होतं, कोणाची भीती वाटली होती. पुस्तक कुठे, कोणत्या ऋतूत, कोणाच्या घरी वाचलं. त्यातून विज्ञानाचं काय शिकलो असं वाटत होतं. आणि एखादं वाक्य शब्दशः आठवत असेल तर तेही, अवतरणात.

जिथे काही आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिहा. जागा अंदाजाने भरू नका, कारण नंतर आठवण कुठली आणि अंदाज कुठला हे वेगळं करता येत नाही.

यानंतर, पण पुस्तकाआधीच, तेव्हा तेच पुस्तक वाचलेल्या एका माणसाला फोन करा. मी भुसावळच्या मावसभावाला केला. पहिलाच प्रश्न त्याने टाकला, "कप्तान शेवटे मरी जास ना वं?" मी म्हटलं, "नाही भाऊ, भोवऱ्यात सापडतो, पुढे काय झालं ते कळतच नाही." आम्ही दहा मिनिटं हुज्जत घातली. दोघंही बरोबर होतो. नेमो या कादंबरीत नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या भोवऱ्यात दिसेनासा होतो, आणि १८७४-७५ मध्ये आलेल्या 'गूढ बेटा'च्या कादंबरीत मरतो. भावाच्या डोक्यात दोन पुस्तकं एक झाली होती. फोनवर हे उलगडलं नाही, दोन्ही वाचून झाल्यावर उलगडलं. तुम्हीही फोनवर निकाल लावू नका, दोघांची साक्ष लिहून घ्या.

तपासून घ्या: कागद पाकिटात घालून चिकटवला का? तो मध्ये मध्ये काढून बघायचा नाही.

४. वेळ आणि जागा

तीनशे पानांचं पुस्तक असेल तर आठ ते दहा बैठका धरा, रोज तासभर. एका रविवारी फडशा पाडायचा नाही. लहानपणी सुट्टीत आपण पुस्तक संपवत होतो हे खरं, पण मधे मधे विहिरीवर जात होतो, आंब्याखाली जात होतो, गोष्ट डोक्यात घोळत होती. ती घोळण्याची जागा आता मुद्दाम ठेवावी लागते.

कपाशी वेचणीच्या किंवा केळी कापणीच्या दिवसांत सुरुवात करू नका. शेतीवाल्या घरात तेव्हा तासभर सलग मिळत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, दुपारी उन्हामुळे सगळे घरात असतात तेव्हा, किंवा पावसाळ्यात. फोन दुसऱ्या खोलीत.

५. पहिली पन्नास पानं: इथेच लोक सोडतात

जुन्या विज्ञानकादंबऱ्यांची सुरुवात धीमी असते. नेमो तर पहिल्या सहा-सात प्रकरणांत दिसतच नाही. समुद्रात काहीतरी राक्षसी प्राणी आहे, की तरतं बेट आहे, यावर वर्तमानपत्रं आणि विद्वान भांडत असतात. लहानपणी हा भाग आपल्याला ताणून धरतो, कारण उत्तर माहीत नसतं. आता माहीत असतं. पाणबुडी आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला चाळीस पानं "प्राणी की बेट?" वाचायला लावलं तर तो कंटाळणारच.

उपाय असा. या पानांत "पुढे काय" शोधू नका, "लेखकाने मला कसं फसवलं" ते शोधा. कोणता पुरावा आधी दिला, कोणता लपवला? गोष्ट सांगणारा प्राध्यापक आरोनाक्स शिकलेला, शहाणा माणूस. तोच ठामपणे सांगतो की हा एक प्रचंड नारव्हाल, म्हणजे सुळ्याचा देवमासा आहे. तज्ज्ञच म्हणतो म्हटल्यावर वाचणारा मान डोलावतो. तेराव्या वर्षी मीही डोलावली होती. आता तेच पान वाचताना मला कारागिराचा हात दिसला, आणि कंटाळा कुठल्या कुठे गेला.

सावधान: पन्नास पानं होईपर्यंत पुस्तकाबद्दल कुणाशी बोलू नका, मत बनवू नका. "आता नाही रंगत" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की मन त्यालाच पुरावे गोळा करत बसतं.

६. वाचताना दोनच खुणा

ग्रंथालयाची प्रत असेल तर पेन्सिलसुद्धा लावू नका, कागदाच्या पट्ट्या घाला. स्वतःची असेल तर समासात. 'आ' म्हणजे इथे आठवणीशी काहीतरी जुळलं किंवा बिनसलं. 'शं' म्हणजे इथे शंका आली: विज्ञानाची, माणसांच्या वागण्याची, कसलीही.

बस. रंगीत पेनं, पाच प्रकारच्या पट्ट्या असलं काही नको. मी एकदा चार खुणा ठेवल्या होत्या. खुणांचा हिशेब ठेवता ठेवता गोष्ट हातची गेली.

शंका आली तरी वाचन थांबवून फोन उचलायचा नाही. हा नियम मोडणारे सगळ्यात जास्त, आणि नुकसान त्यांचंच सगळ्यात मोठं. एका शंकेचं उत्तर बघायला जातो आणि तीन प्रसंगांचे शेवट वाचून परत येतो.

७. विज्ञान तपासा, पण पुस्तक संपल्यावर

मोठेपणी विज्ञानकादंबरी वाचणाऱ्याची आवडती चूक म्हणजे चुका काढत सुटणं. "हे शक्यच नाही!" म्हणून पुस्तक बाद. दुसरी चूक याच्या नेमकी उलट: "बघा, शंभर वर्षं आधी सांगून ठेवलं होतं!" दोन्हीत तपासणी होत नाही. 'शं'च्या पट्ट्या एकेक काढा आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. लेखकाच्या काळी हे माहीत होतं का? लेखकाचा हिशेब त्याच्याच गृहीतकांनुसार जुळतो का? आणि चूक खरंच पुस्तकाची आहे, की माझी?

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण ती सोपी. वीस हजार लीग म्हणजे पाणबुडी तेवढी खोल जाते, असं मी पंचवीस वर्षं समजत होते. लीग म्हणजे इथे चार किलोमीटर. वीस हजार लीग म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर, पृथ्वीच्या परिघाच्या दुप्पट. तो आकडा पाण्याखालून केलेल्या प्रवासाच्या लांबीचा आहे. चूक माझी.

आता दुसरा प्रश्न. दक्षिण अटलांटिकमध्ये नॉटिलस १६,००० मीटर खोल जाते. वाचताना मी मोठ्ठा 'शं' घातला होता. नंतर कागद घेऊन बसले. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक 'वातावरण', म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. म्हणजे १६,००० मीटरला सुमारे १,६०० वातावरण. व्हर्नने दिलेला आकडाही १,६००. हिशेब चोख. पण समुद्र तेवढा खोल कुठेच नाही. आपल्याला ठाऊक असलेली सगळ्यात खोल जागा पॅसिफिकमधली चॅलेंजर डीप, सुमारे १०,९०० मीटर. माणूस तिथे पहिल्यांदा २३ जानेवारी १९६० रोजी 'त्रिएस्त' या यानातून पोचला. व्हर्न लिहीत होता तेव्हा खोल समुद्राची मोजणी नुकती कुठे सुरू झाली होती. म्हणजे गणित बरोबर, माहिती त्याच्या काळाच्या पलीकडची. "व्हर्नला विज्ञान कळत नव्हतं" असा शेरा इथे मारता येत नाही.

दक्षिण ध्रुवाचंही तसंच. नेमो बर्फाखालून पाणबुडी नेतो, मोकळ्या समुद्रात वर येतो आणि २१ मार्च १८६८ ला ध्रुवावर आपला काळा झेंडा रोवतो. प्रत्यक्षात दक्षिण ध्रुव खंडाच्या आत आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, सुमारे २,८०० मीटर उंचीच्या बर्फाच्या पठारावर. पाणबुडी तिथे जाणं शक्य नाही. पण माणूस तिथे पहिल्यांदा पोचला तो १४ डिसेंबर १९११ ला, अमुंडसेनच्या तुकडीबरोबर. उत्तर ध्रुवाखाली मात्र खरोखर समुद्र आहे, आणि त्याखालून १९५८ मध्ये जी अमेरिकन अणुपाणबुडी गेली तिचं नावही 'नॉटिलस'च होतं.

इथे "भविष्य सांगितलं" म्हणणाऱ्यांचा मोह वाढतो, म्हणून त्यांच्यासाठीही एक तपासणी. पाणबुडी व्हर्नने कल्पनेतून काढलेली नाही. रॉबर्ट फुल्टनने १८०० साली फ्रान्समध्ये बांधलेल्या पाणबुडीचं नाव 'नॉटिलस' होतं, आणि १८६३ मध्ये फ्रेंच नौदलाची 'प्लाँझर' पाण्यात उतरली होती. व्हर्नने जे होतं ते घेतलं आणि त्याला वीज, ग्रंथालय आणि एक दुखावलेला माणूस दिला.

तुमचं पुस्तक विसाव्या शतकातलं असेल तर तारखांचा एक छोटा तक्ता जवळ ठेवा. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झाला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परका ग्रह १९९५ मध्ये सापडला. प्लूटो ऑगस्ट २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून बाहेर गेला. गुरुत्वीय लहरी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा टिपल्या गेल्या. पुस्तक या तारखांच्या अलीकडचं की पलीकडचं, हे पाहिल्याशिवाय शेरा मारू नका.

८. माणसांकडे दुसऱ्यांदा पाहा

विज्ञान तपासून झालं की लोक पुस्तक परत करतात. थांबा. मोठेपणी मिळणारं बहुतेक धन या पायरीत आहे.

तेराव्या वर्षी नेमो माझा नायक होता. एकटा, कुणाचं न ऐकणारा, समुद्राचा राजा. आता वाचताना शेवटाकडच्या त्या प्रकरणापाशी मी पुस्तक खाली ठेवलं, जिथे तो एका युद्धनौकेला भोसकून बुडवतो आणि आतल्या खलाशांना बुडताना पाहत उभा राहतो. मग आपल्या खोलीत जातो, एका बाईच्या आणि दोन लहान मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकतो आणि हुंदके देतो. लहानपणी मला युद्धनौका आठवत होती, तसबीर अजिबात नाही. माझ्या संक्षिप्त प्रतीत ती होतीच, मी नंतर पडताळून पाहिलं. मीच तिच्यावरून पुढे गेले होते. आज मला दोन मुलं आहेत.

श्रीलंकेजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क चालून येतो. नेमो सुरा घेऊन मध्ये पडतो, आणि त्या माणसाच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. प्राध्यापकाने विचारल्यावर तो सांगतो की हा माणूस दडपलेल्यांच्या देशातला आहे, आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. माझ्या जुन्या प्रतीत हा प्रसंग चार ओळींत उरकलेला. पुढच्या कादंबरीत कळतं की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला, घरदार गमावलेला. व्हर्नच्या मनात आधी तो पोलंडचा होता, रशियाने ज्याचं कुटुंब संपवलं असा. पण रशियातली विक्री आणि रोष यांचा विचार करून प्रकाशक हेत्झेलने हरकत घेतली, म्हणून पहिल्या पुस्तकात त्याचा देश झाकलेला राहिला.

हे कळल्यावर मी मोत्यांचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं. सातपुड्यात खाज्या नाईकांच्या भिल्लांनी १८५८ मध्ये अंबापाणीला इंग्रजांशी दिलेली लढाई आमच्या घरी गोष्टीसारखी सांगितली जायची. फ्रान्समध्ये बसून लिहिलेल्या पुस्तकात त्याच उठावातला एक माणूस समुद्राखाली फिरतो आहे, आणि मी ते धाब्यावर पडून वाचलं तेव्हा मला त्याचा पत्ताच नव्हता.

तुमच्या पुस्तकासाठी हे चार प्रश्न पुरतात. तेव्हा ज्याच्या बाजूने होतो त्याच्याच बाजूने आजही आहे का? कोण बोलतंच नाही? (नेमोच्या पुस्तकात त्या तसबिरीपलीकडे बाई जवळपास नाहीच.) कोणाच्या मरणावरून लेखक झटकन पुढे जातो? आणि तेव्हा कंटाळवाणं म्हणून गाळलेलं कोणतं पान आज थांबवून धरतं?

सावधान: जुन्या पुस्तकात जातीवर, वर्णावर, बायकांवर बोचणारी वाक्यं सापडतील. ती झाकू नका आणि त्यापायी पुस्तक फेकूही नका. वाक्य उतरवून घ्या, पान क्रमांक घाला, आणि तेराव्या वर्षी ते आपल्याला का बोचलं नाही यावर दोन ओळी लिहा.

९. पाकीट उघडा

आता तो चिकटवलेला कागद काढा. 'आ'च्या पट्ट्या शेजारी ठेवा. तीन गट पडतील: बरोबर आठवलेलं, बदललेलं, आणि पुस्तकात मुळीच नसलेलं. पहिल्या गटावर वेळ घालवू नका. बदललेल्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहा, कशामुळे बदललं असेल. तिसऱ्या गटातलं काहीही पुस्तकातून आलेलं नाही, म्हणजे ते तुमच्या घरातून, गावातून, त्या वर्षातून आलं. माझ्या कागदावर अशा तीन गोष्टी निघाल्या. त्यातला उकाडा वर सांगितला. दुसरी, नॉटिलसच्या ग्रंथालयात भुईमुगाच्या शेंगांचा वास होता. तिसरी अजून सुटलेली नाही.

तुम्हाला ज्याने फोनवर साक्ष दिली होती त्यालाही त्याचे शब्द वाचून दाखवा. मी भावाला दोन्ही पुस्तकं भुसावळला नेऊन दिली.

१०. घरातल्या मुलांना द्यायचं असेल तर

लगेच देऊ नका, महिनाभर थांबा. नुकतं वाचून झालेला माणूस फार बोलतो, आणि "हे वाच, आमच्या वेळी..." अशी सुरुवात झाली की मूल पुस्तकापासून लांब जातं. संक्षिप्त प्रत द्या, पूर्ण नंतर त्याने मागितली तर. प्लूटो ग्रह आहे असं पुस्तकात असेल तर ते आधीच दुरुस्त करून सांगू नका. ते मुलाला स्वतः सापडू द्या, पळत सांगायला येईल.

आणि द्यायच्या आधी प्रत उलटी करून झटका. तुमच्या पट्ट्या, तुमचा कागद, काहीही आत राहता कामा नये. कागदावर शेवट लिहिलेला आहे. त्याच्या मागच्या बाजूला आजची तारीख घाला, खाली आत्ता काय आठवतंय ते लिहा, आणि पुन्हा पाकिटात घालून कपाटात ठेवा. पुढच्या वेळी तिसरी पायरी करायला तो लागेल.